बहीण नाही

"मगदूम! मगदूम कोण आहे?"

शालन आणि मी एकदमच उठलो. नर्सनं शालनच्या दंडाला धरलं आणि ती मला म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर थांबा. तपासणीच्या खोलीत नवऱ्यांना सोडत नाही."

"पेशंट हेच आहेत," शालन म्हणाली.

नर्सनं हातातली फाईल बघितली. फाईल गुलाबी होती आणि तिच्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र होतं. मग तिनं माझ्या शर्टाकडे बघितलं. बाकांवर पंधरा-वीस बायका बसल्या होत्या, त्यांनीही बघितलं. एकीनं पदर ओढून घेतला. एकीच्या डोक्यावर केस नव्हते, तिनं स्कार्फ नीट केला. एकीच्या गळ्यात कापडी पिशवी अडकवलेली होती आणि पिशवीतून एक नळी तिच्या ब्लाऊजमध्ये गेली होती. पिशवीत बाटली होती, बाटलीत लालसर पाणी.

मला शिसारी आली. त्या बाटलीची, त्या बायकांची, डेटॉलखाली दबलेल्या वासाची. त्या रांगेत मला बसवलंय याची तर जास्तच.

एक म्हातारी बाकावर सरकली. "बसा भाऊ. हितं कोन कुनाला बघत न्हाई."

मी बसलो नाही. जिन्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. शेवटी शालनला मला शोधायला यावं लागलं.

माझं नाव भूपाल मगदूम. तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो. सांगलीजवळच्या एका शाळेत पीटीचा मास्तर होतो आणि संध्याकाळी व्यायामशाळेत मल्लखांब शिकवायचो. लंगोट लावून, उघड्या अंगानं. मल्लखांब कपडे घालून होत नाही.

लहानपणी मी गुबगुबीत होतो. छातीला मांस होतं. नदीवर पोहायला गेलो की पोरं मागून येऊन चिमटे काढायची आणि म्हणायची, "भूपी आली रे, भूपी!" भूपाची भूपी केली होती त्यांनी. चौथीपासून सातवीपर्यंत मी नदीवर सदरा घालून पोहलो. सातवीच्या सुट्टीत व्यायामशाळेत गेलो आणि मग चाळीस वर्षं तिथून हललोच नाही. विसाव्या वर्षी माझी छाती पाटासारखी झाली होती. लग्नात शालनच्या मामानं म्हटलं होतं, "जावई म्हंजे देवळाच्या दारातला द्वारपाल हाय." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

त्या छातीवर, डाव्या बाजूला, चिंचोक्याएवढी गाठ आली. आधी मला वाटलं, दोरीच्या मल्लखांबानं घट्टा पडला असेल. मग बोंड आत ओढलं गेलं आणि एक दिवस बनियनवर रक्ताचा ठिपका दिसला. मी बनियन बदलला. असे चार महिने बनियन बदलले. शेवटी धुणं धुताना शालनच्या लक्षात आलं.

डॉक्टर कामत मॅडम सरळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मला तपासलं, रिपोर्ट उलटसुलट बघितले आणि शालनला औषधं आणायला खाली पाठवलं. मग म्हणाल्या, "मगदूम सर, हा स्तनाचा कॅन्सर आहे."

"मला कसा होईल?"

"पुरुषांनाही होतो. कमी, पण होतो."

"दुसरं नाव नाही का त्याला?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "नाही," म्हणाल्या. "ऑपरेशन करावं लागेल. आता मी विचारते त्याचं खरं उत्तर द्या. आई कशानं गेली?"

"तापानं."

"बहिणी आहेत? मुली?"

"एकच मुलगा आहे. पुण्याला असतो."

"आणि बहीण?"

"बहीण नाही," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं. लिहिता लिहिता म्हणाल्या, "विचारते एवढ्यासाठी, की पुरुषाला हा आजार झाला की तो रक्तातून आलेला असण्याची शक्यता जास्त. घरातल्या बायकांना लगेच तपासायला सांगावं लागतं. मावश्या, भाच्या कुणी असतील तर त्यांनाही सांगा."

मी मान हलवली.

बहीण होती. पद्माअक्का. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, कुरुंदवाडला दिलेली. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि मला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते तिनं. आई तापानंही गेली नव्हती. ती मागच्या खोलीत चार-पाच महिने पडून होती. खोलीतून वास यायचा, उंदीर मरून पडल्यासारखा. घरात गळू झालंय म्हणायचे. अक्का रोज सकाळी चिंध्यांची बादली घेऊन मळ्याकडे जायची. आई मला हाक मारायची तेव्हा मी दारात उभा राहून नाक दाबायचो आणि पळून जायचो.

डॉक्टरांनी आई कशानं गेली विचारलं तेव्हा मला तो वास आठवला होता. तरी मी ताप म्हणालो. आणि बहीण आहे म्हटलं असतं, तर अक्काला सांगावं लागलं असतं. अक्काला सांगायचं म्हणजे तिच्या घरी कळणार, कुरुंदवाडातून सगळ्या भावकीत जाणार. मगदूम मास्तरला बाईचा रोग झाला. भूपी.

ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्या दिवशी मी आरशात बघितलं. उजवीकडे द्वारपाल आणि डावीकडे काहीच नाही. बरगडीला चिकटलेली कातडी, काखेपर्यंत गेलेली तिरकी शिवण, गोणपाट शिवतात तशी. बोंड गेलं होतं. मला स्वतःच्या अंगाची अशी किळस आली की मी बेसिनमध्ये ओकलो. शालन पाठीवर हात फिरवायला आली तर तिला ढकललं.

"कुणाला सांगायचं नाही," मी म्हणालो. "फुफ्फुसाचा झाला म्हणायचं."

"अहो, लोक म्हणतील मास्तर चोरून विड्या ओढत होते."

"म्हणू देत."

आणि लोक म्हणालेच. सुपारीचं खांडही कधी तोंडात न घातलेला माणूस मी, पण गावात विडीबाज ठरलो. मला त्यात बरं वाटलं. विडी पुरुष ओढतो.

शालननं एकदाच विषय काढला. "वन्संना तरी खरं सांगू या."

"डॉक्टरांनी सांगितलंय, घरात हे कुणाला होत नाही," मी म्हणालो. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर ती नेहमीच ठेवायची.

मे महिन्यात अक्का माझ्या सेवेला आली. येताना नाचणीचं पीठ, घरचं तूप, हळकुंडं, काय काय घेऊन आली. रोज सकाळी आंबील करून द्यायची. पण पहिल्याच दिवशी म्हणाली, "बघू रं, कुठं कापलंय?"

"काही बघायचं नाही."

"आरं, तुझं ढुंगण धुतलंय मी. माझ्याम्होरं कसली लाज?"

त्या उकाड्यातही मी गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट घालून पडायचो. खाली बनियन आणि बनियनमध्ये डाव्या बाजूला दुमडलेला रुमाल. व्यायामशाळेतली मुलं भेटायला आली, म्हणाली, "सर, परत कधी येणार?" मी म्हणालो, फुफ्फुसाला ताण चालत नाही. मल्लखांब तिथंच सुटला.

अक्का आल्याला दहाएक दिवस झाले असतील. दुपारची वेळ होती. शालन दळण आणायला गेली होती. अक्का माझ्या खाटेजवळ बसून शेंगा फोडत होती. खाली बघूनच म्हणाली, "भूपा, तुझी गाठ दुखत हुती का रं?"

"कुठली गाठ?"

"ती. आतली. म्हंजे सुरवातीला दुखती, का न्हाई दुखत?"

"नाही."

तिनं दोन-चार शेंगा फोडल्या. "बायकांस्नी बी हुत्यात म्हणं गाठी. छातीला. त्यापन दुखत न्हाईत म्हणत्यात. खरं असंल का रं?"

माझ्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. मला वाटलं, शालननं सांगितलं. हिला सगळं कळलंय आणि ही आडून आडून खडा टाकतेय. मी उठून बसलो.

"मला बायकांच्या छात्यांचं काय विचारतेस?" मी ओरडलो. "लाज वाटत नाही भावाला असलं विचारायला? माझं फुफ्फुसाचं आहे! फुफ्फुसाचं! कळलं? बायकांचं काय असेल ते बायकांत बोला. शी!"

अक्काचा चेहरा एकदम लहान झाला. ती म्हणाली, "न्हाई रं, असंच इचारलं." तिनं सांडलेले दाणे गोळा केले, टरफलं सुपात भरली आणि उठून गेली. दोन दिवसांनी, घरी कामं पडलीत म्हणून, कुरुंदवाडला निघून गेली.

जाताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही. माझ्या ते लक्षात आलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढचं वर्षभर ती आमच्याकडे आली नाही. फोनवर बोलायची. तब्येत विचारायची. मी तिची विचारायचो, ती म्हणायची, "मला काय धाड भरलीया?"

मग पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी नीलमचा फोन आला. नीलम म्हणजे अक्काची एकुलती एक मुलगी, इचलकरंजीला दिलेली. ती म्हणाली, "मामा, तुम्ही जरा कुरुंदवाडला जाऊन या. आईचं काहीतरी बिनसलंय. मी गेले तर मला खोलीत येऊ देईना. दार लावून बसते. बाबा म्हणतात, देवाधर्माचं काहीतरी धरलंय, सारखी उदबत्त्या लावते. आणि मामा, त्या खोलीला वास येतो."

शालन आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. भावोजी ओट्यावर बसले होते. आत पाऊल टाकलं आणि मी थांबलो. उदबत्ती, कापूर, धूप, आणि त्या सगळ्याच्या खाली तो वास. पंचेचाळीस वर्षांत मला तो कुठं आला नव्हता. मला आधी आईची खोली दिसली, मी नाक दाबून उभा राहायचो ते दार दिसलं, आणि मग कळलं.

अक्कानं शालनसाठी दार उघडलं. दोघी आत गेल्या. जरा वेळानं शालन बाहेर आली ती पदर तोंडाला लावून. ती माझ्याकडे बघत राहिली. "फुटलंय," एवढंच म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता घरात कुणाला होत नाही."

अक्काला आम्ही त्याच दवाखान्यात नेलं. चाकाच्या खुर्चीत बसवून तपासणीच्या खोलीत नेलं तेव्हा मीच खुर्ची ढकलत होतो. या वेळी मला कुणी अडवलं नाही. कामत मॅडमनी मला ओळखलं.

"मगदूम सर, या. तुमची तपासणी पुढच्या महिन्यात आहे ना?" मग खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "या कोण तुमच्या?"

"बहीण."

"चुलत?"

"सख्खी."

मॅडमनी टेबलावरच्या संगणकात काही बघितलं, आणि मग पडदा माझ्याकडे वळवला. "माझ्याकडे लिहिलंय, बहीण नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

अक्कानं मान वळवली. तिचे डोळे खोल गेले होते, पण कान तिखट होते. "ह्येचं नाव हितं कसं? ह्यो तर बायकांचा इभाग हाय न्हवं?"

शालन फरशीकडे बघत होती. नर्स हातमोजे घालता घालता थांबली होती.

"अक्का," मी म्हणालो, "मलापण हेच झालं होतं."

"फुफ्फुसाचं म्हणला हुतास."

"खोटं बोललो."

ती माझ्या शर्टाकडे बघत राहिली. डाव्या बाजूला, जिथं रुमाल होता. मग म्हणाली, "आरं, मी तुला इचारलं हुतं की."

ती चिडली नाही, रडली नाही. हिशेब लागत नसलेल्या माणसासारखी म्हणाली, "मी तुला इचारलं हुतं की, भूपा. तवा तर ही एवढीशी हुती," आणि तिनं करंगळीचं पेर दाखवलं.

मॅडमनी मला बाहेर जायला सांगितलं.

अक्काला मी आमच्या घरी आणलं. बरं होण्यासारखं काही राहिलं नव्हतं. औषधांनी जखम थोडी सुकायची, पुन्हा वाहायची. शालन रोज पट्टी बदलायची. अक्का शालनशी बोलायची, हसायचीसुद्धा. मी खोलीत गेलो की गप्प व्हायची. मी विचारलं, काही हवं का, तर "नगं" म्हणायची.

एक दिवस शालनला ताप भरला. पट्टी बदलायची होती. मी गरम पाणी, कापूस, मलम घेऊन गेलो. अक्का म्हणाली, "तुझ्यानं हुनार न्हाई."

"होईल."

मी पट्टी सोडवली. शेवटची घडी चिकटली होती, ती सोडवली. जखम उघडी झाली आणि तो वास थेट तोंडावर आला. मी श्वास धरला. कापूस पाण्यात बुडवला. हात पुढं नेला आणि मला असा उमासा आला की तोंडावर हात धरून मागं सरकलो. भांडं लवंडलं.

अक्का माझ्याकडे बघत होती. "जा भाईर," ती म्हणाली. "तवाबी दारातच हुभारलास. आई तुला बघायचं म्हणून मरंस्तवर हाका मारत हुती. मी सांगायची, भूपा शाळेत गेलाय."

मी न्हाणीत जाऊन ओकलो. चूळ भरली, तोंड धुतलं आणि परत आलो. तोवर तिनं एका हातानं जखम पुसून घेतली होती, मलम लावलं होतं, पट्टीही गुंडाळत आणली होती. मी पुढं झालो.

"तेवढं कातरीनं कापून दे," ती म्हणाली. मी पट्टीचं टोक कापून दिलं. बाकी काही करू दिलं नाही तिनं.

मग म्हणाली, "नीलमला सांग."

"शालन फोन करेल."

"शालन न्हाई. तू. तिच्या घरी जाऊन. तुझ्या तोंडानं."

दुसऱ्या दिवशी मी इचलकरंजीला गेलो. नीलमच्या घरात तिची सासू आणि नवरा दोघंही होते. नीलमनं चहा ठेवला. मी म्हणालो, "जरा आतल्या खोलीत बोलू या का?"

"बोला की मामा, सगळे घरचेच आहेत. आईचं काही जास्त झालंय का?"

तिची सासू सरसावून बसली. नवऱ्यानं पेपर खाली ठेवला. मी कपातल्या चहाकडे बघून सांगितलं. मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरातल्या बायकांना तपासायला सांगा. तुझी आजीही त्यानंच गेली होती. तू तपासून घे.

"अगं बाई, पुरुषाला?" सासू म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला. हसू दाबत होती की आणखी काही, मला कळलं नाही. नवरा माझ्या छातीकडे बघत होता. सासूही बघत होती. ज्या नजरेला मी जन्मभर घाबरलो ती नजर समोर होती. आणि मला काहीच वाटलं नाही.

नीलम मात्र माझ्या तोंडाकडे बघत होती.

"ऑपरेशन कधी झालं तुमचं?"

"गेल्या वर्षी मार्चमध्ये."

"आणि आई तुमच्याकडे राहायला आली होती ती मेमध्ये."

"हो."

"म्हणजे ती आंबील करून देत होती तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तिला तेव्हा गाठ होती?"

"होती. तिनं मला विचारलंही होतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मी जे म्हणालो होतो ते सगळं सांगितलं. शेवटच्या 'शी'सकट.

नीलम उठली. माझ्या पुढ्यातला कप तिनं उचलला. चहा निम्मा होता. म्हणाली, "डॉक्टरांचं नाव सांगा. बाकी काही सांगू नका."

मी नाव सांगितलं. तिनं ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं आणि दार उघडून उभी राहिली.

ती दर वर्षी तपासणीला जाते. तिसऱ्या वर्षी तिलाही गाठ निघाली, पण वाटाण्याएवढी असतानाच सापडली. ऑपरेशन झालं, आता ती बरी आहे. हे सगळं मला शालनकडून कळतं. या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. नीलम माझ्याशी बोललेली नाही.

त्या दिवशी इचलकरंजीहून परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अक्का जागी होती. त्यानंतर ती अकराच दिवस होती, पण ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

"सांगितलंस?" तिनं विचारलं.

"सांगितलं."

"समदं?"

"सगळं."

"काय म्हणाली?"

"डॉक्टरांचं नाव विचारून घेतलं."

"बरं झालं," अक्का म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. तिचे ओठ कोरडे पडले होते. मी तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतलं आणि तिच्या मानेखाली हात घालायला वाकलो.

"ठेव तिथं," डोळे न उघडता ती म्हणाली. "शालन पाजंल."